कानामागचं कारस्थान

मैसूरच्या कुवेंपुनगरात रस्त्यांना विचारांची नावं आहेत. विश्वमानव डबल रोड, पंचमंत्र रोड, अनिकेतन रोड. सगळी कवी कुवेंपूंच्या तत्त्वज्ञानातून उतरलेली. त्यांतल्या अनिकेतन रोडवर प्रत्येकाचं स्वतःचं पक्कं निकेतन आहे, हा भाग निराळा. याच वस्तीत वीणावादक शेषण्णांच्या नावाचं सभागृह आहे आणि तिथे 'गानभारती' मैफली भरवते, तेव्हा इथल्या माणसांना कानाची कदर नाही असं कुणी म्हणू नये. फार लांब नाही अशा मानसगंगोत्रीत १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे, आणि मानसगंगोत्री हे नावही कुवेंपूंनीच दिलेलं. कानाला या देशात कुठे न्याय मिळायचाच असेल तर तो या चार-दोन मैलांत मिळायला हवा. तरीही जानेवारीतल्या सकाळी इथल्या बागांमध्ये फेऱ्या मारणारी पेन्शनर मंडळी पाहावीत. निम्म्यांनी भुवयांपर्यंत माकडटोपी ओढलेली, उरलेल्यांच्या कानांत कापसाचे बोळे, आणि बाकावर कुणाच्या तरी नातवाच्या कानावर चर्चासत्र भरलेलं. 'दर दोन महिन्यांनी ठणकतो हो. कानच नाजूक आहे त्याचा.' कन्नड आजी 'किवी नोवु' म्हणते, मराठी आजी 'कान ठणकतोय' म्हणते, पण निदानाच्या बाबतीत दोन्ही भाषा सख्ख्या बहिणी आहेत: कान नाजूक. सीमाप्रश्नावर जे जमलं नाही ते कानाच्या प्रश्नावर केव्हाच जमून गेलेलं आहे.

माझं म्हणणं असं की हे निदान चुकीच्या आरोपीला धरतं. ज्यांचा कान पुन्हा पुन्हा बिघडतो त्यांचा कान बहुधा धडधाकट असतो, फक्त तो कमालीचा परावलंबी असतो. त्याची तब्येत नाकाच्या, घशाच्या, घरातल्या हवेच्या आणि मालकाच्या करंगळीच्या हातात असते. यांपैकी कुणीही काही उद्योग केला की बोंब मात्र कान मारतो, आणि ज्याने बोंब मारली त्याच्यातच खोट आहे असं आपण ठरवतो. घराघरांत ही न्यायपद्धत रूढ असल्यामुळे तिच्यात काही वावगं आहे हे चटकन लक्षात येत नाही. पण निदान चुकलं की उपायही चुकतो, आणि चुकलेला उपाय निष्ठेने चालू ठेवला की दुखणं परत येतं. मग ते परत आलं हाच कान नाजूक असल्याचा पुरावा ठरतो. असं बिनतोड वर्तुळ एखाद्या तर्कशास्त्राच्या प्राध्यापकालाही आखता येणार नाही.

आधी भूगोल पाहू. कानाच्या भोकातून साधारण अडीच सेंटिमीटर आत गेलं की पडदा लागतो. पडद्याच्या अलीकडे नळीची कातडी बिघडली तर ते एक दुखणं, पडद्यापलीकडच्या छोट्या पोकळीत, म्हणजे मध्यकर्णात, पू झाला तर ते वेगळं. दोन्हींची कारणं वेगळी, जंतू बरेचसे वेगळे, इलाज वेगळे. घरात मात्र दोन्हींचं नाव 'कान दुखतो' आणि दोन्हींचं औषध कपाटातल्या त्याच बाटलीत. सोपी खूण अशी की कानाची पाळी ओढली किंवा भोकापुढचा उंचवटा दाबला आणि माणूस किंचाळला, तर दुखणं बहुधा अलीकडचं. सर्दीनंतर ताप आला आणि मूल रात्रभर रडलं, तर बहुधा पलीकडचं. पलीकडच्या पोकळीविषयी आणखी एक गोष्ट आपल्या थोरामोठ्यांच्या नजरेतून सुटली होती. या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्या, असा सल्ला ते देत, पण दोन कानांमध्ये तसा रस्ताच नाही. मध्यकर्णातून हवेची जी वाट निघते ती नाकामागे, घशाच्या वरच्या टोकाला उतरते. ऐकलेलं शेवटी तोंडावाटेच का बाहेर पडतं याचा उलगडा त्यातून होतो, निदान सोसायटीच्या बैठकींपुरता तरी.

ही वाट म्हणजे युस्टेशियन नलिका. सोळाव्या शतकात बार्तोलोमेओ युस्ताकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं, आणि पुढे वाल्साल्वाने १७०४ साली कानावर लिहिलेल्या ग्रंथात तिला त्याचं नाव दिलं. पूर्वी वाड्यांमध्ये एखाद्या बिऱ्हाडाची मोरी अशी असे की तिचं पाणी शेजारच्या बिऱ्हाडाखालून वाहून जाई. शेजाऱ्याकडे नळी तुंबली की इकडच्या मोरीत पाणी साचे, वास सुटे, आणि या घरातली माणसं आपलीच मोरी घासत बसत. मध्यकर्णाचं तंतोतंत तसं आहे. नलिका एरवी मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते, पोकळीत हवा सोडते आणि आतला ओलावा घशाकडे उतरवते. उटीहून घाट उतरताना कानांत दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, ती हीच करामत. सर्दी झाली की नलिकेचं अस्तर सुजतं, दार बंद होतं, आतली हवा हळूहळू शोषली जाते, तिच्या जागी पाणी झिरपतं, आणि नाकामागे भाडं न देता राहणारे जंतू त्या पाण्यात मुक्कामाला येतात. न्यूमोकॉकस, हिमोफिलस, मोरॅक्सेला ही त्यांतली नेहमीची मंडळी. प्रौढ माणसात ही नलिका साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब आणि चांगली उतरती असते. तान्ह्या बाळात ती जवळजवळ निम्मी आणि बरीचशी आडवी असते. शिवाय तिच्या तोंडाशीच अ‍ॅडिनॉइड नावाची गाठ असते. ती बालपणात वाढते आणि किशोरवयात आपसूक आक्रसते. नातवाचा कान फुटतो आणि आजोबांचा फुटत नाही, याचं श्रेय आजोबांच्या माकडटोपीला देण्याचं कारण नाही. आजोबांची नळी उतरती आहे, एवढंच.

डॉक्टरांच्या लेखी सहा महिन्यांत तीनदा किंवा वर्षात चारदा मध्यकर्णाला तीव्र संसर्ग झाला की त्याला 'वारंवार' म्हणायचं. आता एक आकडा पाहा. बॉस्टनमधल्या मुलांचा १९८९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की तीन वर्षांची होईपर्यंत शंभरातल्या ८३ मुलांना असा संसर्ग एकदा तरी होऊन गेला होता आणि ४६ जणांना तीन किंवा अधिक वेळा. जे जवळजवळ निम्म्या पोरांना होतं त्याला नाजूकपणा म्हणायचं असेल तर दात येणं हासुद्धा नाजूकपणाच ठरेल. खरा प्रश्न उरतो तो एवढाच, की काहींना एकदा होऊन थांबतं आणि काहींना होतच राहतं, ते का? त्याची उत्तरं संशोधकांना कानात फारशी सापडली नाहीत, घरात सापडली. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर मुलाच्या कानाचा धोका वाढतो, आणि 'मी गॅलरीत जाऊन ओढतो' हा युक्तिवाद धुराला ठाऊक नसतो. बाळाला आडवं निजवून तोंडात दुधाची बाटली दिली की दूध त्या आडव्या नळीच्या दिशेने जाऊ शकतं. पहिले सहा महिने अंगावर पाजलेल्या मुलांना हा त्रास कमी होतो. पाळणाघरात जाणाऱ्या किंवा शाळकरी दादा-ताई असलेल्या मुलांना तो जास्त होतो, कारण दादा शाळेतून गृहपाठ विसरून येतो पण सर्दी कधी विसरत नाही. न्यूमोकॉकसविरुद्धची लस सरकारी लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर पोचली; ती सगळे कान वाचवत नाही, पण नेहमीच्या मंडळींतल्या एकाला तरी दाराबाहेर ठेवते. कुवेंपूंच्या पंचमंत्रांतला एक मंत्र पूर्णदृष्टीचा आहे. पंचमंत्र रोडवरच्या घरांनी तो कानापुरता जरी अमलात आणला आणि कानाऐवजी अख्ख्या घराकडे पाहिलं, तरी पुष्कळ बाटल्या कपाटातच राहतील.

इथे एक भक्कम आक्षेप येतो, तो अनुवंशाचा. आईचाही कान असाच होता, मामाचाही होता, मग घराला दोष का? आक्षेप खोटा नाही. पिट्सबर्गमध्ये जुळ्या मुलांवर झालेला १९९९ सालचा अभ्यास सांगतो की मध्यकर्णात पाणी किती काळ साचून राहतं याबाबत एकसारखी जुळी एकमेकांशी जितकी जुळतात तितकी साधी जुळी जुळत नाहीत, म्हणजे वारशाचा वाटा मोठा आहे. टाळूची आणि नळीची घडण, जंतूंशी लढण्याची ताकद, हे घराण्यातून येतं. फाटलेल्या टाळूचं किंवा डाउन सिंड्रोम असलेलं मूल असेल तर कानाचा त्रास जवळजवळ गृहीतच धरावा लागतो. पण यात दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली, वारसा म्हणून आली ती नळीची घडण, कानाचा नाजूकपणा नव्हे. म्हणजे आरोपी पुन्हा शेजारीच. दुसरी, घराणं जनुकांबरोबर खोली, धूर, बाटली आणि सर्दीही वाटून देत असतं. आपल्याकडे अनुवंशाचा सिद्धान्त फार विशिष्ट रीतीने चालतो हेही ध्यानात घ्यावं: मुलाचं गणित वडिलांकडून येतं आणि कान नेहमी आईच्या माहेराहून. मेंडेलने वाटाण्यांवर इतकी वर्षं घालवली, त्याऐवजी एखाद्या बारशाला हजेरी लावली असती तर त्याचे श्रम वाचले असते.

दुसरा आक्षेप वाऱ्याचा. कानात वारं शिरलं, हे निदान कुवेंपुनगरपासून कोल्हापूरपर्यंत सर्वमान्य आहे. पण पडदा शाबूत असेल तर वारा अडीच सेंटिमीटर जाऊन परत फिरतो, त्याला आत थारा नाही. थंडीत कान जास्त दुखतात हे खरं, कारण थंडीत माणसं दारं-खिडक्या लावून एकत्र बसतात आणि सर्दी वाटून घेतात. मैसूरची थंडी ती केवढी, पहाटे पारा सोळाच्या आसपास उतरला की दवंडी पिटली जाते. माकडटोपीबद्दल माझी तक्रार नाही. ती डोकं ऊबदार ठेवते, ओळख लपवते आणि फेरी मारताना भेटणाऱ्या गप्पिष्टांपासून संरक्षण देते. कानाच्या संसर्गाशी तिचा संबंध नाही एवढंच. पाण्याचा आक्षेप मात्र अर्धा खरा आहे. आंघोळीचं किंवा तलावाचं पाणी शाबूत पडद्यातून मध्यकर्णात जात नाही, पण पडद्याला भोक असेल तर जातं आणि कान वाहू लागतो. पडद्याअलीकडच्या कातडीला तर पाण्यात सतत भिजणं मानवतच नाही. पोहणाऱ्यांचा कान म्हणतात तो हाच, आणि त्यात स्यूडोमोनास नावाचा ओलाव्यावर जगणारा जंतू पुढे असतो. कोकणातल्या दमट हवेत बुरशीही तीच संधी साधते.

आणि आता कानाच्या खऱ्या वैऱ्याकडे वळू, म्हणजे मालकाकडे. कानाची नळी स्वतःला साफ करते. तिची कातडी पडद्यापासून बाहेरच्या दिशेने सावकाश सरकत असते आणि जाताना मळ बरोबर घेऊन जाते. जबडा हलला की तिला हातभार लागतो, म्हणजे मैसूरी विड्याचं पान चघळत शेजाऱ्याची निंदा करणं ही कर्णस्वच्छतेची शास्त्रशुद्ध पद्धत आहे. मळ म्हणून आपण ज्याचा तिरस्कार करतो तो किंचित आंबट, तेलकट थर पाणी अडवतो आणि जंतू-बुरशीला वाढू देत नाही. इतकी चोख व्यवस्था चालू असताना माणूस काय करतो? हेअरपिन घालतो. काडेपेटीची काडी, पेनचं टोपण, स्कूटरची किल्ली, जे हाती लागेल ते घालतो. आणि सुशिक्षित असेल तर कापूस लावलेली काडी विकत आणून घालतो. या काड्या १९२३ साली लिओ गर्स्टनझँग याने अमेरिकेत बाजारात आणल्या, त्या बाळांच्या निगेसाठी. आज पाकिटावर कानाच्या नळीत घालू नये अशी सूचना छापलेली असते, आणि पाकीट उघडून पहिली काडी जाते ती तिथेच. विक्रेता नको म्हणतो आणि गिऱ्हाईक त्याच कामासाठी घेतं, असा दुसरा माल बाजारात असेल तर तो दारूच्या दुकानातच असावा. अमेरिकेत १९९० ते २०१० या काळात काडीने कान दुखावलेली सुमारे २,६३,००० मुलं इस्पितळांच्या तातडीच्या विभागात आली. काडीने थोडा मळ निघतो, बराच आत ढकलला जातो. कातडीवरचं आंबट कवच जातं, ती कोरडी पडते, कोरडी पडली की खाजते, खाजली की पुन्हा काडी. सूक्ष्म ओरखड्यांतून जंतू शिरतात आणि मालक म्हणतो, इतका स्वच्छ ठेवतो तरी कान बिघडतो! स्वच्छ ठेवतो म्हणूनच बिघडतो, हे त्याला पटवणं कठीण, कारण कान कोरण्यात सुख आहे. डोळे अर्धवट मिटून, मान तिरकी करून, एक पाय किंचित उचलून काडी फिरवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जी समाधी दिसते ती योगवर्गात दिसत नाही. नळीच्या कातडीत व्हेगस मज्जातंतूची एक शाखा येते. तिला डिवचलं तर काहींना खोकलाही येतो. म्हणजे शरीर बिचारं अक्षरशः खाकरून इशारा देतं, तरी काडी थांबत नाही.

तेलवाल्यांचा आक्षेप सगळ्यांत आदरणीय, कारण तो आजीकडून येतो आणि आजी सुश्रुताचा हवाला देते. लसूण घालून कढवलेलं तेल कोमट करून कानात सोडायचं, वर कापूस. पण सुश्रुतसंहितेत कानाचे रोग अठ्ठावीस सांगितले आहेत, कर्णशूल वेगळा, कर्णस्राव वेगळा, पूतिकर्ण वेगळा. ज्याने अठ्ठावीस भेद मोजले त्याच्या नावावर अठ्ठावीस रोगांना एकच बाटली वापरणं हा सुश्रुताचा दोष नाही. पडदा फाटलेला असताना तेल पलीकडे जातं. नळी ओली राहिली की बुरशीचं फावतं. आणि तेलाला हसणारी नवी पिढी दुकानातून स्वतःच थेंब आणून तीच चूक इंग्रजी लेबल लावून करते. प्रतिजैविक आणि स्टेरॉइड असलेले थेंब आठवडेच्या आठवडे घातले की जंतू हटतात आणि त्यांच्या रिकाम्या जागेवर बुरशी बिऱ्हाड थाटते. मग कान पुन्हा खाजतो, पुन्हा तेच थेंब. त्यात दिवसभर कानांत इअरफोनचे बोळे कोंबून मीटिंगा करणाऱ्या संगणकी मंडळींनी नळीतली हवा कोंडून ऊब आणि ओलावा यांची कायमची सोय करून ठेवलेली असते. ज्यांना मधुमेह आहे, कोंडा किंवा इसब आहे, त्यांचा कान पुन्हा पुन्हा बिघडतो तेव्हा मूळ दुखणं रक्तातल्या साखरेत किंवा डोक्याच्या कातडीत असतं. ते तिथे तसंच ठेवून कानात थेंब टाकणं चालू राहतं.

शेवटचा आक्षेप डॉक्टरांवरचा असतो: औषधं दिली, कोर्स पुरा केला, तरी परत आलं, म्हणजे डॉक्टर कच्चा. यात थोडा अन्याय आहे. सतत पाणी साचणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा संसर्ग होणाऱ्या मुलांच्या मध्यकर्णाच्या अस्तरावर जंतूंचा चिकट थर असतो, असं २००६ सालच्या एका संशोधनात प्रत्यक्ष दिसलं. त्या थराखाली जंतू प्रतिजैविकाला दाद देत नाहीत, सुट्टे फिरणारे तेवढे मरतात. त्यामुळे औषधाने दुखणं थांबतं, वस्ती उठत नाही. उलट साध्या तीव्र संसर्गात मोठ्या आणि धडधाकट मुलाला वेदनाशामक देऊन दोन-तीन दिवस नजरेखाली ठेवलं तर बहुतेकदा तो आपला आपण बरा होतो, हेही सिद्ध आहे. मात्र 'दोन दिवस थांबू' म्हणणाऱ्या डॉक्टरकडे आपण पुन्हा जात नाही. फी दिली तर निदान पाच गोळ्या हव्यात, ही आपली वैद्यकीय संस्कृती. पडद्यात बारीक नळी बसवण्याची शस्त्रक्रियाही सर्व आजारांवरचा उतारा नव्हे. वारंवार संसर्ग होणाऱ्या लहान मुलांवर अमेरिकेत झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नळी बसवलेल्या आणि नुसती गरजेनुसार औषधं दिलेल्या मुलांमध्ये पुढच्या दोन वर्षांतल्या संसर्गांच्या संख्येत लक्षणीय फरक दिसला नाही. पाणी महिनोन् महिने साचून ऐकू येणं कमी झालं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे नळीचा उपयोग होतो.

या सगळ्यात विनोदाला जागा नाही असा एकच कान आहे, तो वाहणारा. पडद्याला भोक पडून वर्षानुवर्षं पू येत राहणं, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ सालच्या अंदाजानुसार जगातल्या साडेसहा ते तेहतीस कोटी माणसांच्या वाट्याला आलेलं आहे, आणि भारताची गणना सर्वाधिक प्रमाण असलेल्या देशांत झाली होती. आपल्याकडे मात्र 'तिचा एक कान वाहतो' हे गालावर तीळ असल्यासारखं सहज सांगितलं जातं. त्यातून ऐकू येणं कमी होतं, आणि क्वचित संसर्ग हाडातून मेंदूकडे सरकतो. तेव्हा कान दोन आठवड्यांहून अधिक वाहत असेल, कानामागे सूज येऊन पाळी पुढे आली असेल, तोंड एका बाजूला वाकडं झालं असेल, मूल हाका ऐकेनासं झालं असेल, किंवा मधुमेही माणसाला कानाचं दुखणं रात्री झोपू देत नसेल, तर बागेतल्या चर्चासत्राचा निकाल येईपर्यंत थांबू नका. सरळ कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, आणि ते नाक का तपासताहेत असं विचारू नका. मैसूरमध्ये असाल तर मानसगंगोत्रीतली संस्था आहे, मुंबईत ऐकू येण्याच्या तपासण्यांसाठी वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग संस्था आहे. जाण्यापूर्वी एकच कृपा करा, कानात तेल घालू नका. तेल घातलेल्या कानात डॉक्टरांना पडदा दिसत नाही, तेलच दिसतं.